चष्म्याची फ्रेम: आधी नाक, मग चेहरा, रंग सगळ्यात शेवटी

फ्रेम घेताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. दुकानात शिरल्याबरोबर नजर रंगावर जाते, मग आकारावर. आरशात दोन मिनिटं वळून-वळून बघितलं की "हीच द्या". नंबरचा कागद खिशातून बाहेर येतो तो काच ठरवायच्या वेळी. आठवड्याने चष्मा हातात येतो तेव्हा काचेची कड फ्रेमच्या मागे जाड उठून दिसते, वाकलं की चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि हसलं की गालावर चढतो. फ्रेम वाईट नसते, पण ती त्या नाकाची आणि त्या नंबरची नसते.

नाकावर सरकलेली फ्रेम कितीही देखणी असली तरी चेहऱ्याला शोभत नाही, कारण भुवया, डोळे आणि फ्रेम यांचा मेळच तुटतो. म्हणून पुढचे टप्पे याच क्रमाने करा. एखादा टप्पा नापास झाला तर ती फ्रेम बाजूला ठेवा, पुढच्या टप्प्यावर नेऊ नका.

दुकानात जाण्याआधीची तयारी

वेळ दिवसाची निवडा. संध्याकाळी दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली त्वचेचा आणि फ्रेमचा रंग दोन्ही फसवे दिसतात. रोज जसे राहता तसेच जा: केस नेहमीसारखे बांधलेले, रोजची टिकली, रोजचे कानातले. कानामागून केसांत अडकवायचे वेल वापरत असाल तर ते घालूनच जा, कारण काडी आणि वेल एकाच जागेवर भांडतात. दुचाकी चालवत असाल तर हेल्मेट सोबत घ्या. कानामागे श्रवणयंत्र असेल तर तेही लावून जा.

बरोबर हवंच असं सामान: नंबरचा ताजा कागद, सध्याचा चष्मा, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, मोबाइल आणि फोटो काढायला एक माणूस. शक्य असेल तर हा माणूस खरं बोलणारा असावा.

डोळे तपासून घेतानाच पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, कागदावर लिहून मागा. अनेकदा ते लिहिलेलं नसतं आणि मागितल्याशिवाय मिळत नाही.

टप्पा १: पाच आकडे गोळा करा

सध्याच्या चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात काहीतरी असं छापलेलं असतं: ५२□१८ १४०. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर म्हणजे ब्रिज, तिसरा काडीची पूर्ण लांबी, कानामागच्या वळणासकट. सगळं मिलिमीटरमध्ये. आकडे पुसले गेले असतील तर पट्टीने मोजा: काच जिथे सगळ्यात रुंद आहे तिथे, आणि ब्रिज जिथे दोन काचा एकमेकींच्या सगळ्यात जवळ आहेत तिथे. शिवाय फ्रेमची समोरून पूर्ण रुंदी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वेगळी लिहून ठेवा. हा आकडा काडीवर सहसा नसतो आणि तोच बसण्याच्या दृष्टीने फार कामाचा असतो.

या आकड्यांसमोर जुन्या चष्म्याची तक्रारही लिहा. "घट्ट होतो", "घसरतो", "कानामागे टोचतो" एवढं पुरे. तक्रार नसेल तर नवीन फ्रेमची मापं जुन्यापासून २ मिमीहून लांब जाऊ देऊ नका.

पाचवा आकडा पीडी. कागदावर नसेल तर घरी काढता येतो:

१. भरपूर उजेडात आरशापासून साधारण २० सेंमीवर उभे राहा. पट्टी भुवयांवर आडवी टेकवा.
२. उजवा डोळा मिटा. पट्टीचा शून्य डाव्या बाहुलीच्या बरोबर मध्यावर आणा.
३. डोकं आणि पट्टी जराही न हलवता डावा डोळा मिटून उजवा उघडा. उजव्या बाहुलीच्या मध्यावर जो आकडा येतो तो तुमचा पीडी.
४. तीनदा मोजा. तिन्ही वेळा १ मिमीच्या आत आला तर धरा, नाहीतर पुन्हा मोजा.

आपल्याकडे बहुतेकांचे डोळे गडद असतात आणि बाहुली बुबुळापासून वेगळी दिसत नाही. तेव्हा मध्य शोधत बसू नका. पट्टीचा शून्य डाव्या बुबुळाच्या बाहेरच्या कडेवर ठेवा आणि उजव्या बुबुळाची नाकाकडची कड वाचा. अंतर तेच येतं. मोठ्या माणसांत पीडी साधारण ५४ ते ७४ मिमीच्या दरम्यान असतो. तुमचा आकडा याच्या बाहेर गेला तर आधी मोजण्यात चूक झाली असं समजा.

*सावध:* हा लांबचा पीडी आहे. फक्त वाचण्याच्या चष्म्यासाठी तो ३ ते ४ मिमी कमी असतो. घरी काढलेला आकडा फ्रेम निवडायला पुरतो. काच बनवायला दुकानातल्या यंत्रावर मोजलेलाच द्या.

टप्पा २: नंबर कोणती फ्रेम मागतो ते बघा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून जरा थांबून बघू.

मायनस नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. प्लस नंबरची उलट, मध्ये फुगीर. काचेचा मध्य तुमच्या बाहुलीसमोर यावा लागतो. फ्रेम मोठी असली की काच बाहुलीपासून बाहेर लांबवर जाते आणि मायनसमध्ये ती बाहेरची कड जाड होत जाते. किती, ते एका उदाहरणाने बघा.

नंबर मायनस ६, पीडी ६२. पहिली फ्रेम ५४-१८. काचेची रुंदी आणि ब्रिज यांची बेरीज ७२. त्यातून पीडी वजा केला तर १० उरतात, म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य ५ मिमी नाकाकडे सरकवावा लागणार. मध्यापासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर ३२ मिमी. साध्या १.५० च्या काचेत (हा काचेचा इंडेक्स, तो जितका जास्त तितकी काच पातळ), मधली जाडी २ मिमी धरली तर, बाहेरची कड साधारण ८ मिमी जाड होते.

आता तीच ब्रिज, पण फ्रेम ४६-१८. बेरीज ६४, सरकवणं फक्त १ मिमी, मध्यापासून कड २४ मिमी. त्याच साध्या काचेत कड साधारण साडेपाच मिमी.

आणि पहिल्याच मोठ्या फ्रेममध्ये महागडी १.६७ ची "पातळ" काच घातली तर? सुमारे साडेसहा मिमी. म्हणजे छोट्या फ्रेममधली साधी काच मोठ्या फ्रेममधल्या महागड्या काचेपेक्षा पातळ निघते. पातळ काचेवर खर्च करायचा असेल तर जरूर करा, पण आधी फ्रेमचं माप कमी करा. छोट्या फ्रेमला १.६७ लावली तर कड साडेचारच्या आसपास येते आणि तो खर्च खरोखर चेहऱ्यावर दिसतो.

दुसरं कारण दिसण्याचं. मायनस काचेतून डोळे लहान दिसतात आणि समोरून बघणाऱ्याला काचेच्या बाहेरच्या बाजूने कानशिलाची रेषा आत सरकलेली, तुटलेली दिसते. काच जितकी रुंद तितकं हे तुटणं ठळक. छोटी फ्रेम घेतली की कानशिल काचेत येतच नाही.

नंबरप्रमाणे साधारण दिशा अशी:

- मायनस २ पर्यंत: माप, आकार, जवळपास सगळं मोकळं.
- मायनस २ ते ४: बेरजेतून पीडी वजा करून उरलेला आकडा ८ च्या आत ठेवा.
- मायनस ४ च्या पुढे: तो आकडा ४ च्या आसपास किंवा कमी. गोल, लंबगोल किंवा कोपरे गोलसर असलेली फ्रेम. पूर्ण रिमची, म्हणजे दुकानात ज्याला शेल म्हणतात तशी जाड प्लास्टिकची रिम असेल तर कड झाकली जाते. खालून नायलॉनच्या दोऱ्याने काच धरणारी सुप्रा इथे नको, जाड कड उघडी पडते.
- प्लस ३ च्या पुढे: इथेही फ्रेम लहान, नाहीतर काच मध्ये फुगते आणि वजन वाढतं. प्लसमध्ये डोळे मोठे दिसतात आणि डोळ्याखालच्या सुरकुत्या, पिशव्याही मोठ्या दिसतात. सुप्रासाठी काचेच्या कडेत खाच पाडावी लागते. प्लसची कड मुळात पातळ, म्हणून खाच बसावी यासाठी सगळी काचच जाड करावी लागते.
- प्रोग्रेसिव्ह (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत, मध्ये रेघ नसलेली): बाहुलीच्या मध्यापासून खालच्या रिमपर्यंत निदान १८ मिमी हवेत. काही डिझाइन १४ मध्ये बसतात, पण वाचायची जागा अरुंद होते. खाली नाकाकडे कापलेला एव्हिएटर, म्हणजे वैमानिकांच्या गॉगलसारखा आकार, प्रोग्रेसिव्हला घेऊ नका. वाचताना नजर नेमकी खाली आणि नाकाकडे जाते आणि तिथेच त्याला काच नसते.

रिमलेस हवी असेल तर काचेला भोकं पाडली जातात. साधी १.५० ची काच भोकाजवळ तडकते. पॉलिकार्बोनेट किंवा १.६० ची घ्या.

*तपासा:* काडीवरचे पहिले दोन आकडे मिळवले, पीडी वजा केला, उरलेल्याचे दोन भाग केले. हा हिशेब आवडलेल्या प्रत्येक फ्रेमवर अर्ध्या मिनिटात होतो. जमला तरच फ्रेम नाकावर चढवा.

टप्पा ३: नाक

चष्म्याचं बरंचसं वजन नाक पेलतं. कान फक्त मागून धरून ठेवतात. त्यामुळे घसरणाऱ्या चष्म्याची काडी कानामागे घट्ट वाकवून घेणं हा उपाय नव्हे. दोन दिवसांत कानामागे दुखायला लागतं आणि चष्मा तरीही घसरतो.

शेलच्या फ्रेममध्ये नाकाचा भाग फ्रेमचाच असतो, तो बदलता येत नाही. म्हणून तो दुकानातच बरोबर बसला पाहिजे. बघायचं असं: फ्रेम लावा आणि कोणाला तरी अगदी जवळून, बाजूने आणि खालून बघायला सांगा. ब्रिजचे दोन्ही काठ नाकाच्या दोन्ही उतारांवर वरपासून खालपर्यंत चिकटून टेकले पाहिजेत. वर फट आणि खाली टेकलेलं असेल तर नाकाला ब्रिज अरुंद आहे. चष्मा वर उचलल्यासारखा राहील आणि दोन लाल खुणा पाडेल. खालून उजेड दिसत असेल आणि फ्रेमचा मधला पूलच नाकावर बसला असेल तर ब्रिज रुंद. हा चष्मा घसरणारच.

नाकाचा पूल बसका असेल, म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्ये नाक फारसं उठून येत नसेल, तर शेलपेक्षा धातूची, हलणाऱ्या नोज पॅडची फ्रेम घ्या. पॅड जवळ-लांब, वर-खाली करता येतात. शेलच हवी असेल तर शेलवर धातूच्या काडीने पॅड लावलेल्या फ्रेम मिळतात, त्या मागा. लांब पापण्या काचेला लागतात त्यांनाही पॅडचीच फ्रेम बरी, पॅड जवळ आणले की काच पुढे सरकते.

घाम खूप येणाऱ्यांनी, मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी, सिलिकॉनचे पॅड मागा. कडक प्लास्टिकच्या पॅडपेक्षा ते कमी घसरतात. ते पिवळे पडतात, तेव्हा बदलून घ्यायचे. फार खर्च नसतो. नकली दागिन्यांनी कानाला खाज येत असेल तर स्वस्त धातूच्या फ्रेममधलं निकेलही त्रास देईल. टायटॅनियम किंवा अ‍ॅसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) घ्या.

आता नाक आणि दिसणं. ब्रिज जिथे नाक ओलांडतो तिथून बघणाऱ्याला नाक सुरू झाल्यासारखं वाटतं. नाक लांब असेल आणि ते थोडं आखूड दिसायला हवं असेल तर गडद रंगाचा, जरा खाली बसणारा ब्रिज. नाक आखूड असेल तर वरून जाणारा, फिकट किंवा पारदर्शक ब्रिज. डोळे जवळजवळ असतील तर पारदर्शक ब्रिज त्यांच्यात अंतर दाखवतो, लांब असतील तर गडद ब्रिज जवळ आणतो.

मोठी टिकली किंवा कुंकू लावणाऱ्यांनी दोन आडव्या पट्ट्यांचा ब्रिज टाळावा. वरची पट्टी नेमकी टिकलीखाली येते आणि कपाळाच्या मधोमध गर्दी होते.

*तपासा:* चष्मा घालून खाली जमिनीकडे बघा आणि "नाही नाही" म्हणतो तशी मान चार-पाच वेळा हलवा. दुकानातल्या रिकाम्या फ्रेममध्ये हलक्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. खऱ्या काचेने वजन वाढणार आहे. आत्ताच घसरत असेल तर नंतर राहणार नाही.

टप्पा ४: रुंदी आणि काड्या

फ्रेमची पूर्ण रुंदी चेहऱ्याच्या डोळ्याच्या रेषेतल्या रुंदीइतकी किंवा दोन्हीकडे दोन-तीन मिलिमीटर जास्त असावी. फ्रेम घालून कोणाला तरी डोक्यावरून खाली बघायला सांगा. काड्या बिजागरीपासून कानापर्यंत जवळपास सरळ गेल्या पाहिजेत. बाहेर फाकत गेल्या असतील तर फ्रेम अरुंद. चेहरा रुंद दिसतो आणि कानशिलं दुखतात. काडी आणि कानशिलात बोट सहज जातं तर फ्रेम रुंद. चेहरा आत ओढल्यासारखा दिसतो.

काडीचं वळण कानाच्या वरच्या टोकाला लागूनच सुरू व्हावं. कानाच्या मागे हवेत वळत असेल तर काडी लांब, कानाच्या आधीच वळत असेल तर आखूड. १३५, १४०, १४५ ही नेहमीची मापं. थोडा फरक दुकानदार गरम हवेने वळण बदलून काढतो. पण हे अ‍ॅसिटेट आणि धातूत जमतं. टीआर-९० सारख्या लवचीक प्लास्टिकच्या काड्या वाकवल्या तरी मूळ जागी परत येतात. हलकी असते, आपटली तरी सहसा तुटत नाही, म्हणून ती खपते. मात्र मूळची बरोबर बसत असेल तरच घ्या, "नंतर अ‍ॅडजस्ट करून देतो" यावर नव्हे.

हेल्मेट घालून बघा. जाड, रुंद काडी हेल्मेटच्या गादीखाली दबते आणि अर्ध्या तासात डोकं दुखतं. पातळ, सरळ काडी हेल्मेट घातल्यावरही आत सरकवता येते.

*मुलांसाठी सावध:* वाढत्या अंगाचे कपडे घेतात तशी वाढत्या चेहऱ्याची फ्रेम घेऊ नका. सैल चष्मा घसरतो आणि मूल चष्म्याच्या वरून बघायला शिकतं, म्हणजे नंबर असून नसल्यासारखा. आजच्या चेहऱ्याची फ्रेम, आणि काच पॉलिकार्बोनेटची, कारण ती मार सहन करते.

टप्पा ५: भुवई, बाहुली, गाल

इथपर्यंत तीन-चार फ्रेम उरल्या असतील. शोभणं न शोभणं मुख्यतः याच टप्प्यावर ठरतं, आणि याच्याकडेच कोणी बघत नाही.

भुवई: फ्रेमची वरची रेषा भुवईच्या वळणाबरोबर जायला हवी. भुवई रिमच्या किंचित वर किंवा रिमवरच असेल तर उत्तम. भुवई कमानदार आणि फ्रेमचा वरचा काठ आडवा सरळ असेल तर चेहऱ्यावर दोन वेगवेगळ्या भुवया दिसतात आणि माणूस कायम रागावलेला किंवा चकित वाटतो. मोठ्या फ्रेममध्ये भुवई काचेच्या आत येते. चालेल, पण दोन्ही रेषा समांतर हव्यात.

बाहुली: आडव्या दिशेने काचेच्या मध्यावर किंवा किंचित नाकाकडे. उभ्या दिशेने मध्यापेक्षा थोडी वर. बाहुली नाकाकडच्या कडेजवळ आली की डोळे एकमेकांजवळ ओढल्यासारखे दिसतात. टप्पा २ चा हिशेब जमला असेल तर हे आपोआप जमतं.

गाल: मोकळं हसा. फ्रेम गालावर चढून वर उचलली गेली तर नाही चालणार. रोज दिवसातून कित्येकदा ती उचलली जाईल, आणि गालाचा घाम, पावडर, क्रीम काचेला लागत राहील. खालच्या रिमचा बाहेरचा कोपरा खाली ओघळलेला असेल तर गाल ओघळलेले दिसतात. वय झालेल्या चेहऱ्यावर हे लगेच जाणवतं. बाहेरचा कोपरा किंचित वर गेलेली फ्रेम चेहरा उचलते.

टप्पा ६: चेहऱ्याचा आकार

गोल चेहऱ्याला चौकोनी, चौकोनी चेहऱ्याला गोल असले तक्ते सगळीकडे मिळतात. त्यांना चुकीचं म्हणता येणार नाही, पण बहुतेक चेहरे दोन आकारांच्या मधले असतात आणि तक्त्यावर जीव टाकून लोक नाक-भुवई विसरतात. उरलेल्या फ्रेममधून एक निवडायला एवढं पुरे:

चेहऱ्यावर जे आधीच भरपूर आहे ते फ्रेमने पुन्हा म्हणू नये. गाल गोल, हनुवटी गोल, तर कोपरे असलेली, उंचीपेक्षा रुंदी जास्त असलेली फ्रेम. जबडा रुंद आणि कोनदार, तर गोलसर कोपरे. चेहरा लांबट, तर वरपासून खालपर्यंत जरा उंच काच. पट्टीसारखी अरुंद फ्रेम लांबटपणा आणखी वाढवते. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती, तर वरून जड फ्रेम नको, खालची रिमही ठळक असलेली किंवा सगळीकडे पातळ रिमची घ्या. टक्कल असेल किंवा केस अगदी बारीक असतील तर रिमलेसने चेहरा रिकामा दिसतो. थोडी ठळक रिम बरी.

टप्पा ७: रंग

रंग थोडक्यात. फ्रेम हातात घेऊन दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात या. फ्रेमची तुलना कपड्यांशी नाही, भुवयांशी करा. भुवईइतकी किंवा तिच्यापेक्षा एक पायरी फिकट फ्रेम रोजच्या वापराला सगळ्यात निर्धोक. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर तपकिरी, कासवाच्या पाठीसारखा चट्टेरी, गडद हिरवा, वाइनचा लाल हे रंग खुलतात. त्वचेच्याच रंगाशी मिळतीजुळती बेज फ्रेम मात्र चेहऱ्यात विरून जाते आणि चेहरा थकलेला दिसतो. केस पांढरे झाले असतील तर दाट काळ्या रिमचा कॉन्ट्रास्ट फार कडक होतो. राखाडी, निळसर, वाइन रंगाने चेहऱ्याला धार येते.

टप्पा ८: फोटो, सेल्फी नव्हे

नंबर जास्त असेल तर रिकाम्या फ्रेममध्ये स्वतःचा चेहराच नीट दिसत नाही. म्हणून आरसा नको, फोटो.

१. दीड-दोन मीटरवरून, तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर मोबाइल धरून दुसऱ्याने काढलेला. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि चेहरा अरुंद दिसतो, त्यावर निवड करू नका.
२. प्रत्येक फ्रेमचे तीन फोटो: समोरून गंभीर, समोरून हसताना, बाजूने.
३. फोटोत फ्रेमचा काडीवरचा आकडाही टिपा, नाहीतर घरी गेल्यावर कोणती कोणती ते कळत नाही.
४. नंतर चष्मा लावून फोटो बघा. नजर आधी डोळ्यांवर गेली तर फ्रेम बरोबर. आधी फ्रेमवर गेली तर ती फ्रेम तुम्हाला घालते आहे.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी मोबाइलवरच्या आभासी चष्म्यावर फक्त रंग आणि आकाराचा अंदाज घ्यावा. ब्रिज, रुंदी आणि काडी हे आकडे टप्पा १ च्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे भरू नका. मायनस ४ च्या पुढे किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर काच समोरासमोर बसूनच करून घ्या.

टप्पा ९: ऑर्डर देताना

आधी फ्रेम चेहऱ्यावर बसवून घ्या: पॅड, वळण, सगळं. मग काचेवर बाहुलीची खूण करू द्या. बऱ्याच ठिकाणी उलटं होतं: खूण आधी, फ्रेम बसवणं चष्मा आल्यावर. पॅड नंतर हलवले की बाहुलीची उंची बदलते आणि प्रोग्रेसिव्हमध्ये ३ मिमीचा फरकही वाचणं बिघडवतो. खूण करताना ताठ, नैसर्गिक उभे राहा आणि दुकानदार डोळ्यांच्या समान उंचीवर असू दे.

पीडी दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा लिहून घ्या, उदाहरणार्थ ३१ आणि ३२. नाक अगदी मध्यावर असतंच असं नाही. सहा नंबरच्या काचेत मध्य ३ मिमी चुकला तर १.८ प्रिझमचा (प्रतिमा बाजूला सरकण्याचं माप) ताण डोळ्यांवर येतो. एक नंबरच्या काचेत तो फारसा जाणवणारही नाही. म्हणजे नंबर जितका मोठा, तितका मापाचा आग्रह धरा.

प्रतिबिंब घालवणारं कोटिंग घ्या. रिमइतकंच ते दिसण्याला मदत करतं, कारण समोरच्याला ट्यूबलाइटऐवजी तुमचे डोळे दिसतात.

सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे ठरावीक कोनातच काम करणारा नंबर, असेल आणि फ्रेम अगदी पूर्ण गोल असेल तर एक गोष्ट सांगून ठेवा: काच फ्रेममध्ये घट्ट बसली पाहिजे. गोल काच स्क्रू सैल झाला की आतल्या आत फिरते, अ‍ॅक्सिस (त्या नंबरचा कोन) बदलतो आणि धूसर दिसायला लागतं. डोळे बिघडले असं समजून लोक परत तपासायला जातात.

टप्पा १०: चष्मा ताब्यात घेताना

घाई करू नका, पाच मिनिटं लागतात.

- दुकानातल्या लेन्सोमीटरवर तुमच्यासमोर नंबर तपासून घ्या आणि कागदाशी जुळवा. अ‍ॅक्सिसही.
- चष्मा काड्या उघडून सपाट टेबलावर उलटा ठेवा. वरचा काठ आणि दोन्ही काड्या टेबलाला टेकल्या पाहिजेत. डुगडुगत असेल तर फ्रेम पिळली गेली आहे.
- काड्या मिटून बघा. मायनसची जाड कड मध्ये येऊन काडी अर्धवटच मिटत असेल तर बिजागरीवर ताण येत राहील. कड थोडी तासून देता येते का विचारा.
- चष्मा लावून आरशात भुवयांशी तुलना करा. दोन कान एका उंचीवर नसतात, म्हणून चष्मा तिरका दिसू शकतो. उजवी काच वर असेल तर उजवी काडी बिजागरीपाशी वर वाकवायची. वर असलेल्या बाजूची काडी वर, हे ऐकायला उलट वाटतं पण बरोबर आहे. काम दुकानदाराला करू द्या, घरी गरम पाण्यात बुडवून करू नका, कोटिंगला तडे जातात.
- एक काच डोळ्याजवळ आणि दुसरी लांब असेल तर जवळची काडी आत, लांबची बाहेर.
- टप्पा ३ मधली मान हलवायची चाचणी पुन्हा, या वेळी खऱ्या काचांसह.

पहिले काही दिवस जमीन किंचित वाकडी वाटू शकते, विशेषतः नंबर बदलला असेल किंवा प्रोग्रेसिव्ह पहिल्यांदाच असेल तर. दोन आठवड्यांनंतरही पायऱ्या उतरताना चुकत असाल तर सवय होण्याची वाट बघू नका. कागद, जुना चष्मा आणि नवा चष्मा तिन्ही घेऊन जा आणि बाहुलीची खूण व पीडी पुन्हा मोजायला सांगा.

महिन्याभरात स्क्रू आणि पॅड थोडे सैल होतातच. एकदा जाऊन घट्ट करून घ्या. बहुतेक दुकानात याचे पैसे घेत नाहीत. आणि चष्मा काढताना दोन्ही हातांनी काढा. एका हाताने ओढून काढायच्या सवयीने एकच काडी फाकत जाते आणि नीट बसवलेली फ्रेम पुन्हा तिरकी होते.